चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

घटस्थापना जवळ आली की मी देवाची पितळी भांडी काढते आणि चिंच भिजत घालते. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, तेव्हा मेपलची पानं रंगायला लागलेली असतात. शनिवारी फुटबॉलच्या मॅचला निघालेल्या पोरांच्या झुंडी आरडाओरडा करत कोपऱ्यावरून जातात, शेजारचे आजोबा पानं उडवायचं मशीन पाठीला बांधून सकाळीच सुरू होतात. हवा इतकी छान असते की घरात बसवत नाही. आणि नेमकं तेव्हाच, कोमट पाण्यात चिंच मऊ पडायला लागली आणि तिचा आंबट वास नाकात गेला, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मग मी तांब्या असा खसाखसा घासते, की त्या बिचाऱ्याने जणू माझं काही घोडं मारलंय.

तांब्याचा काही दोष नाही. चिंचेचाही नाही. दोष कुणाचा हे मला पक्कं ठाऊक आहे, तो या क्षणी वरच्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलाय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा ईशान तेव्हा नुकताच घरभर धावायला लागला होता. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मी सकाळी विद्यापीठातल्या कामावर जायचे, माझा नवरा मंदार घरूनच काम करायचा, आणि दिवसभर नातू आजीच्या मागे-मागे. घरी परत यावं तर दारातच फोडणीचा वास, आणि आतून आजी-नातवाचं काहीतरी गहन संभाषण चाललेलं. तो काय बोलतो ते आम्हाला कळत नसे, आईंना सगळं कळायचं. तसा पानगळीचा मोसम मला पुन्हा मिळाला नाही. मिळाला नाही म्हणजे काय, मिळाला होता तोही नासवला, म्हणून तर राग.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका घरात चोरी झाली होती. सगळे दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलेले, आणि इकडे कपाटातलं सोनं साफ. देशी माणसांच्या घरात सोनं असतं हे आता इथल्या चोरांनाही कळलंय. मी म्हटलं, सोनं बँकेत ठेवू. इतका सोपा उपाय मंदारला कसा पटणार? ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलं होतं. व्हिसावर असताना बंदुकीच्या वाटेला जायचं नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि आता ती अडचण उरली नव्हती. त्याने पिस्तूल घेतलं. आणि सोनं? ते मी बँकेत नेऊन ठेवलं. म्हणजे आता घरात राखायला काही नव्हतं, पण राखणदार होता.

पिस्तूल नुसतं घेऊन भागत नाही. सराव लागतो. नेमबाजी शिकवणाऱ्याने सांगितलं, सराव नसेल तर पिस्तूल चोरापेक्षा तुम्हालाच जास्त धोक्याचं. खरं आहे ते. पण सरावाला गोळ्या लागतात, आणि गोळ्या महाग. मंदार शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन यायचा आणि कागदाला पडलेली भोकं दाखवत हळहळायचा. भोकांच्या जागेबद्दल नव्हे, किमतीबद्दल.

मंदारची काटकसर म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पेट्रोल थोडं स्वस्त मिळतं म्हणून हा गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रांगेत उभा राहणार. झिपलॉकच्या पिशव्या धुऊन वाळत घालणार. मला त्याचा राग नाही, मीही तसल्याच घरातली आहे. पण मौजेसाठी महागडा छंद धरायचा आणि मग त्या छंदात काटकसर करायची, याला काय म्हणावं? शिकवणाऱ्याने फुकटचा उपायही सांगितला होता. पिस्तूल रिकामं आहे ना ते नीट तपासायचं, भिंतीकडे तोंड करायचं आणि नुसता चाप ओढायचा. हात स्थिर व्हायला तोच सराव सर्वांत चांगला. मंदारने दोन दिवस केला आणि म्हणाला, "यार, याला मजा नाही."

मग आले शिरीषदादा. आमच्या मराठी मंडळातले सर्वांत जुने, सगळ्यांचे सल्लागार. घर कुठलं घ्यावं, टॅक्स कसा भरावा, हापूसची पेटी कुठून मागवावी, सगळं त्यांना विचारायचं. हापूसच्या पेट्या जशा आम्ही एकत्र मागवून वाटून घेतो, तशा त्यांनी गोळ्याही मागवल्या. अख्खं खोकं घ्यायचं आणि पाच-सहा जणांत वाटायचं. आमच्या दिवाणखान्यात बसून, चिवडा खात-खात, ही प्रौढ शिकलेली माणसं गोळ्यांची वाटणी करत होती. मी चहा नेऊन ठेवला तेव्हा शिरीषदादा म्हणाले, "मानसी, हे तर काहीच नाही. खरं सेव्हिंग रीलोडिंगमध्ये आहे. पुंगळी फेकायचीच नाही."

गोळी झाडली की पिस्तुलातून पितळेची रिकामी पुंगळी बाहेर उडते. ती गोळा करायची, साफ करायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत दारू भरायची, वर शिशाची गोळी दाबायची. झालं काडतूस तयार, निम्म्या किमतीत. त्यासाठी लागणारा प्रेस, म्हणजे दांडा ओढून गोळी दाबायचं यंत्र, शिरीषदादांच्या ओळखीतून आला आणि आमच्या गॅरेजमध्ये, ईशानच्या तीनचाकीच्या शेजारी, बाकावर ठोकला गेला.

राहिली पुंगळ्यांची सफाई. रेंजवरून आणलेल्या पुंगळ्या आतून-बाहेरून काजळलेल्या असतात. त्या घासायला एक फिरतं मशीन मिळतं. ते मंदारला महाग वाटलं. बादलीभर काळ्या पुंगळ्या गॅरेजच्या दाराशी पडून राहिल्या, आणि तिथे त्या आईंच्या नजरेला पडल्या.

"पितळ आहे ना हे?" आईंनी विचारलं.

"हो."

"मग असं काळं काऊन ठेवून राहिला तू? घरात लक्ष्मी यायची दिवसं आहेत."

बस. ज्या बाईने आयुष्यात घरातली एक पळीसुद्धा काळी राहू दिली नाही, तिच्यासमोर बादलीभर मळलेलं पितळ आलं होतं. दुपारी ईशान झोपला की त्या स्वयंपाकघरातल्या सिंकशी उभ्या राहायच्या, चिंच आणि मीठ घेऊन. देवाचं ताम्हन, निरांजन, समई आणि पुंगळ्या, सगळं एकाच पाण्यात. हात कोपरापर्यंत काळे. मंदार वरून कॉफी घ्यायला यायचा आणि म्हणायचा, "आई, काय चमकतायत यार! मशीनचे पैसे वाचवलेस." आईंच्या चेहऱ्यावर असा आनंद की बघत राहावं. परक्या देशात, जिथे फोन उचलायचीही भीती वाटते, तिथे आपल्याला येणाऱ्या कामाचा मुलाला उपयोग होतोय, एवढंच त्यांना पुरे होतं. त्या आनंदाचा असा वापर झाला, हे मला आजही सहन होत नाही.

धुतलेल्या पुंगळ्या मागच्या काचेच्या दारापाशी, एक जुनी सुती साडी अंथरून, उन्हात वाळत पडायच्या. तिथे दुपारी उन्हाचा मोठा चौकोन पडतो. बाहेर पिवळी पानं, आत पिवळं ऊन, त्यात त्या चकचकीत पुंगळ्या, आणि मधोमध बसलेला माझा मुलगा. खेळण्यातल्या ट्रकमध्ये भरायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. एखादी ओठाला लावून फुंकायचा, शिट्टी वाजते का बघायचा. असा फोटो आहे माझ्या फोनमध्ये, सुंदर आहे. मला तो पुसताही येत नाही आणि बघवतही नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे लॅपटॉप पुजतात. त्या वर्षी लॅपटॉपच्या शेजारी पिस्तूल, गॅरेजमधला प्रेस काढता येईना म्हणून त्याचा दांडा, आणि ताटलीत चमकणाऱ्या पुंगळ्या. मी म्हटलं, देवघरापाशी ते पिस्तूल मला नको. मंदार म्हणाला, "अगं, शस्त्रपूजाच आहे, ओव्हररिॲक्ट काय करतेस?" फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. बदाम, हात जोडलेले, झेंडूची फुलं. शिरीषदादांनी लिहिलं, परंपरा जपताय. मला तेव्हाच त्या फोनवर गरम चहा ओतावासा वाटला होता.

दिवाळी झाली, झाडं ओकीबोकी झाली, आणि ईशानची नेहमीची तपासणी आली. इथे लहान मुलांच्या रक्तात शिसं आहे का ते तपासतात. बोट टोचतात, थेंब घेतात, घरी सोडतात. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. शिसं होतं, असायला नको तितकं.

शिसं म्हणजे काय हे ज्यांना शोधावं लागलं नाही त्यांनी ते शोधू नये. मी शोधलं. मेंदू, वाढ, भाषा, लक्ष. दिसत काहीच नाही. मूल हसतं, पळतं, वरणभात खातं, आणि आत काय चाललंय ते कुणालाच सांगता येत नाही. मंदारने त्याला मांडीवर घट्ट धरलं होतं, दुसऱ्यांदा हातातून रक्त काढताना. ईशान किंचाळत होता आणि मंदार रडत होता. तेवढं मी विसरलेले नाही. राग असला तरी ते मी विसरणार नाही.

मग काउंटीच्या आरोग्य खात्याची नर्स घरी आली. चांगली होती, बुटांवर प्लास्टिक चढवून आत आली, ईशानला स्टिकर दिला. आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. हळद कुठली? काजळ लावता का? बाळाला काही देशी औषध? पितळेची भांडी? "बऱ्याच इंडियन फॅमिलीजमध्ये आम्हाला हे दिसतं," ती सौम्यपणे म्हणाली. खोटं नव्हतं तिचं, भेसळीच्या हळदीत शिसं निघतं हे मीही वाचलंय. पण तिने आमच्याकडे पाहिलं, आमच्या मसाल्याच्या डब्याकडे पाहिलं, आणि तिचं उत्तर ठरून गेलं. आईंनी वायगावहून आणलेली हळद, ओळखीच्या शेतातली, घरी उकडून वाळवून दळलेली. तिने हातमोजे घालून ती पिशवीत बंद केली. गुटीची वेखंड-हळकुंडं, काजळाची डबी, सगळं गेलं. आई फ्रिजला टेकून उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना बेताचं, पण हळदीकडे बोट गेलेलं कळायला इंग्रजी लागत नाही.

ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "मानसी, मी विष घातलं का गं लेकराला?"

मी नाही-नाही म्हटलं. पण मला तरी काय ठाऊक होतं? त्या दिवसापासून आईंनी गॅस पेटवला नाही. पोळी मी करायचे, भाजी मी करायचे. ईशान मांडीवर चढायला गेला की त्या आधी हात धुऊन यायच्या, पुन्हा-पुन्हा. डॉक्टर म्हणाले होते, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आमचं दोघांचं तपासलं. आईंचं? "त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये बसत नाही," मंदार म्हणाला. "नागपूरला करू, तिथे स्वस्तात होतं." पुंगळ्या स्वस्तात, मशीन नको म्हणून आईचे हात स्वस्तात, आणि त्याच आईचं रक्तही स्वस्तात. मी तेव्हा भांडले, पण तिकीट ठरलेलं होतं. पहिला बर्फ पडला त्या सकाळी त्या विमानतळावर गेल्या. सामानात हळदीचा रिकामा डबा होता.

त्या गेल्यानंतरच्या आठवड्यात नर्स पुन्हा आली. हळद स्वच्छ होती. गुटी स्वच्छ, काजळ स्वच्छ. मी तिला जवळजवळ ओरडूनच विचारलं, मग कशात आहे? ती म्हणाली, घर नवं आहे, जुना रंग नाही, पाणी ठीक आहे. मग गॅरेजच्या दाराकडे बघून विचारलं, "घरात कुणी शूटिंग करतं का?"

मंदार म्हणाला, "जस्ट अ हॉबी."

तिने तपासणीच्या बोळ्यांनी सिंक पुसलं, भांडी घासायची घासणी घेतली, गॅरेजची पायरी पुसली, घडी करून ठेवलेल्या त्या सुती साडीचा कोपरा पुसला. सगळीकडे शिसं. टोपीच्या ठिणगीत शिसं असतं, ते पुंगळीच्या आत काजळीसारखं बसतं. आणि आंबट पाण्यात ते सुंदर सुटतं. ज्या घासणीने पुंगळ्या घासल्या, तिनेच ईशानची वाटी घासली जात होती. टोप्यांच्या खोक्यावर हे सगळं लिहिलेलं होतं, मी नंतर भिंग घेऊन वाचलं. क्रीडासाहित्याच्या दुकानात, लहान मुलांच्या बुटांच्या पुढच्याच रांगेत मिळतं ते खोकं. तिथे कुणी हातमोजे घालून येत नाही. कुणी विचारत नाही, घरात मूल आहे का. हळदीला विचारतात.

शिरीषदादांना मी फोन केला. तुम्हाला ठाऊक नव्हतं? ते म्हणाले, "अगं, मी तर बाहेर यार्डात, ग्लव्हज घालून करतो. बेसिक आहे ते. किचनमध्ये कोण करतं?" कोण करतं! ज्या घरात पितळ म्हटलं की चिंच आठवते त्या घरातली बाई करते. आणि तिच्या मुलाला ते रोज समोर दिसत असतं, आणि तो म्हणतो, यार, काय चमकतायत.

प्रेस गेला. मंदारने तो 'ऑलमोस्ट न्यू' म्हणून ग्रुपवर टाकला आणि एका नव्या जोडप्याने घेतला. त्या बाईला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं, मंदारला न विचारता. आता तो बिनशिशाच्या टोप्यांची महागडी काडतुसं घेतो, महिन्यातून एकदा जातो, बूट डिकीतच ठेवतो, आल्या-आल्या अंघोळ करतो. कागदाला भोकं कमी पडतात. चोर काही अजून आलेला नाही.

ईशानचं शिसं उतरत गेलं. लोह असलेलं खाणं, हात धुणं, फरशी ओल्या फडक्याने पुसणं. आता तो शाळेत जातो, दिवसभर बडबडतो, हाक मारली की "आय ॲम कमिंग, मॉम!" म्हणतो आणि येत नाही. एका जागी बसत नाही. वयामुळे बसत नाही की आणखी कशामुळे, हे मी डॉक्टरांना विचारते, आणि ते म्हणतात, असं सांगता येत नाही. हे वाक्य मला जन्मभर पुरणार आहे.

पण माझा खरा राग इथेही नाही. नर्स दुसऱ्यांदा येऊन गेली त्या दिवशीच मी म्हटलं, आईंना फोन कर, सांग त्यांची हळद चांगली होती. मंदार म्हणाला, "आणि काय सांगू? की तू धुतलंस त्यातून गेलं? शी विल ब्रेक डाउन. आता ईशान ठीक होतोय ना, तेवढंच सांगू." तेवढंच सांगितलं. रक्ताच्या तपासणीचं तर नावच नाही, कारण तपास म्हटलं की कशासाठी ते सांगावं लागलं असतं. तुझी आई आहे, तूच सांग, असं मी दर वर्षी म्हणत आले. दर वर्षी पानं पिवळी होतात, मी चिंच भिजवते, तो म्हणतो, "बघू."

आईंनी त्यानंतर इकडे यायचं नाव काढलं नाही. पाय दुखतात म्हणतात. पार्सलमध्ये पापड येतात, सांडगे येतात, हळद येत नाही. व्हिडिओ कॉलवर कधी त्या जेवत असतात, ताटात पांढरंफटक वरण. मी विचारलं की म्हणतात, "पित्त होऊन राहिलं ना बाप्पा, फोडणी सोसत नाही."

या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या सकाळी मी ताम्हन हातात घेतलं, आणि ते ओलं तसंच खाली ठेवून नागपूरला फोन लावला. सगळं सांगितलं. पिस्तूल, टोपी, काजळी, सिंक, साडी.

"ईशान कसा आहे?" आईंनी आधी ते विचारलं.

"चांगला आहे."

"पण धुतल्या तर मीच ना गं."

"आणून कुणी दिल्या, आई? वाचायचं कुणी होतं? तुम्ही पितळ धुतलंत. उद्या आधी तुमचं रक्त तपासून घ्या, मी डॉक्टरांना काय सांगायचं ते लिहून पाठवते."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे हळदीत काही नव्हतं?"

"काहीच नव्हतं. स्वच्छ होती."

"मग मी इतकी वर्षं बिनहळदीचं काऊन खाऊन राहिली वं?"

त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, की घरच्या हळदीचा भरलेला डबा वरच्या फळीवर ठेवून दिलाय, कुणा लेकराच्या ताटात चुकून जायला नको म्हणून. हळदीकुंकवालासुद्धा विकतचीच आणायच्या, चिमटीएवढी.

दुसऱ्या दिवशी आमच्या सकाळी, कॉफी घेताना, फोनवर फोटो आला. स्टीलचं ताट, भाताची मूद, वर वरण, पिवळंधमक, जरा जास्तच. मी तो मंदारच्या लॅपटॉपसमोर धरला. त्याने हेडफोन काढला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पण आईला तर पित्त होतं ना?"

मी आईंचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.